धायटीचे फूल कोणाचे?

गेल्या वर्षी एका वनौषधी प्रदर्शनाला आम्ही गेलो होतो. सोबत डोंगरातल्या वाडीवरच्या दोन कातकरी बाया होत्या. एका टेबलावर काचेच्या बरणीत विटकरी रंगाची वाळलेली फुले भरून ठेवली होती. बरणीवर चिठ्ठी होती : धातकी, प्राचीन ऋषीमुनींची मानवजातीला देणगी. दोघींपैकी एक बाई वाकून बघत म्हणाली, "ही तर धायटी. आमीच तोडून देतो की व्यापाऱ्याला." टेबलामागच्या गृहस्थांनी तिच्याकडे न बघताच सांगितले, "बरणीला हात लावू नका."

गोष्ट एवढीच. भांडण झाले नाही, कोणी कोणाला जातीवरून बोलले नाही. पण जे फूल ती बाई दरवर्षी स्वतःच्या हाताने तोडते, तेच बरणीत गेल्यावर तिने त्याला हात लावायचा नाही. देणगी देणाऱ्यांच्या यादीत तिचे नाव नाही. हे कसे घडले, याचा इतिहास आपण तपासला पाहिजे. कारण हा प्रश्न एका झुडपाचा नाही. ज्ञान कोण निर्माण करतो आणि नाव कोणाचे लागते, हा तो प्रश्न आहे.

डोंगरातली धायटी

धायटी सह्याद्रीत फिरणाऱ्याला नवी नाही. पुरुषभर उंचीचे, कमानीसारख्या वाकलेल्या फांद्यांचे हे झुडूप खडकाळ उतारावर, ओढ्याच्या कडेला, गवताळ माळावर वाढते. वणवा गेला तरी बुंध्यातून पुन्हा फुटते. पौष-माघापासून फांद्यांना लाल-नारिंगी नळीसारख्या फुलांचे झुबके लागतात आणि होळीपर्यंत डोंगर पेटल्यासारखा दिसतो. गुराखी पोरे फूल तोडून मागच्या बाजूने मध चोखतात. शिंजीर पक्षीही तेच करतो. कोणी हिला धावशी म्हणतात, हिंदीत धवई किंवा धाय, संस्कृतात धातकी. धावडा नावाचा मोठा वृक्ष वेगळा, त्याच्याशी हिची गल्लत करू नये.

आमची आजी महाड तालुक्यातल्या डोंगराकडच्या गावची. ती सुईण होती. माघात ती फुले तोडून आणायची आणि सावलीत वाळवायची. उन्हात टाकली की आम्हाला ओरडा बसायचा : "उन्हात रंग जातो, अन् रंगासंगं गुण पण जातो." आव पडली, रक्त पडू लागले की फुलांची पूड ताकातून द्यायची. बाईच्या अंगावरून जास्त जात असेल तर तीच पूड मधातून. जखम चिघळली की कोरडी पूड वर भुरभुरायची. भाजल्यावर तेलात कालवून लावायची. किती द्यायचे आणि कधी थांबायचे हे तिला ठाऊक होते. दोन दिवसांत गुण आला नाही तर "आता दवाखान्यात न्या" असे ती स्वतःच सांगायची. पानाफुलांत तुरट द्रव्य, म्हणजे टॅनिन भरपूर असल्याने पूर्वी कातडी कमावायला आणि कापड रंगवायलाही धायटी वापरली जायची. म्हणजे हे झुडूप कोणाच्या हातात होते? सुईणीच्या, गुराख्याच्या, कातडे कमावणाऱ्याच्या, रंगाऱ्याच्या. यातला एकही हात वर्णव्यवस्थेने शुद्ध मानलेला नव्हता.

आजीला बाळंतपणासाठी वरच्या आळीतूनही बोलावणे यायचे. रात्री-अपरात्री कंदील घेऊन माणूस यायचा. मूल तिच्या हातात जन्माला यायचे. आणि तिची पाठ फिरली की त्याच घरात गोमूत्र शिंपडले जायचे. मोबदल्याचे तांदूळ वरून सुपात टाकले जायचे. तिचे औषध पोटात चालत होते, तिची सावली अंगणात चालत नव्हती.

ग्रंथच काय सांगतात?

"हे सगळे ज्ञान आयुर्वेदात आहेच" असे आपल्याला लगेच ऐकवले जाते. आहेच. चरकसंहितेत धातकीची फुले मल बांधून ठेवणाऱ्या दहा औषधांत येतात आणि जखम सांधणाऱ्या दहा औषधांतही येतात. फुलांपासून होणाऱ्या आसवांच्या यादीतही धातकी आहे. पण त्याच चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायात आणखी एक गोष्ट आहे, जी प्रदर्शनातल्या चिठ्ठीवर कधी लिहिली जात नाही. वनस्पतींची नावे आणि रूपे कोणाला माहीत असतात? तर शेळ्या राखणारे, मेंढपाळ, गुराखी आणि वनात राहणारे इतर लोक यांना, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. सुश्रुतसंहितेतही औषधी गोळा करताना गुराखी, तापस, व्याध, वनात हिंडणारे आणि कंदमुळांवर जगणारे यांच्याकडून माहिती घ्यावी असे आहे.

म्हणजे ग्रंथ लिहिणाऱ्यांनी ज्ञानाचा उगम लपवला नव्हता. लपवला तो नंतरच्यांनी. गुराखी आणि व्याध पुसले गेले, ऋषी उरले.

यावर एक आक्षेप येतो आणि तो टाळून चालणार नाही. चरक पुढे असेही सांगतो की नुसते नाव-रूप माहीत असणे म्हणजे वैद्यक नव्हे. कोणते औषध कोणाला, केव्हा, किती द्यायचे हे जाणणारा तोच खरा जाणकार. "म्हणजे गुराख्याला फक्त झाड माहीत होते, शास्त्र वैद्याचे होते," असा त्याचा अर्थ लावला जातो. आम्ही म्हणतो, ही कसोटी मान्य. आता ती आजीला लावून बघा. मात्रा तिला माहीत होती. ताक केव्हा आणि मध केव्हा हे माहीत होते. कुठे थांबायचे हेही माहीत होते. चरकाच्याच कसोटीवर ती वैद्य ठरते. मग तिला 'अडाणी सुईण' आणि तेच छापील पुस्तकातून वाचणाऱ्याला 'वैद्यराज' कोणत्या न्यायाने म्हणायचे? समाजशास्त्र शिकताना आम्हाला एम. एन. श्रीनिवास यांची 'संस्कृतीकरणा'ची संकल्पना शिकवली गेली : खालची जात वरच्या जातीच्या चालीरीती उचलून वर सरकू पाहते. इथे उलटेच दिसते. धायटीची धातकी झाली, ज्ञानाचे संस्कृतीकरण झाले. ज्ञान देणारा माणूस मात्र होता तिथेच ठेवला गेला.

वैद्य अपवित्र का होता?

आणखी एक गंमत पाहा. आज ज्या वैद्यकाचा अभिमान मिरवला जातो, त्याकडे वैदिक-ब्राह्मणी परंपरेने आदराने पाहिले होते का? तैत्तिरीय संहितेत देवांचे वैद्य असलेले अश्विनीकुमारसुद्धा माणसांत वावरणारे वैद्य म्हणून अशुद्ध ठरतात आणि ब्राह्मणाने वैद्यकी करू नये असे सांगितले जाते. मनुस्मृती चिकित्सकाला श्राद्धाच्या पंक्तीतून वगळते. त्याच्या हातचे अन्न निषिद्ध ठरवते, इतकेच नाही तर त्या अन्नाची तुलना पुवाशी करते. कारण उघड आहे. वैद्याला सर्व जातींच्या माणसांना हात लावावा लागतो. रक्त, पू, मळ यांना शिवावे लागते. स्पर्शावर बंदी घालणाऱ्या व्यवस्थेत स्पर्शाशिवाय न चालणारा धंदा पवित्र कसा राहील?

देवीप्रसाद चट्टोपाध्याय यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात नेमका हाच संघर्ष मांडला : प्राचीन भारतातले वैद्यक निरीक्षणावर उभे होते आणि धर्मशास्त्रकारांना ते खुपत होते. केनेथ झिस्क या अभ्यासकाने १९९१ मध्ये दाखवले की या वैद्यकाच्या घडणीत बौद्ध भिक्खूंसारख्या श्रमणांचा मोठा वाटा होता. बुद्धाच्या अनुयायांनीच सगळे वैद्यक शोधले असा दावा आम्ही करणार नाही. तसे केले तर बरणीवरच्या चिठ्ठीत आणि आपल्यात फरक काय? पण दृष्टीतला फरक मात्र सांगितलाच पाहिजे.

विनयपिटकातल्या महावग्गात भेसज्जखंधक नावाचे पूर्ण प्रकरण औषधांवर आहे. मुळे, काढे, पाने, फळे, डिंक, क्षार यांची त्यात नोंद आहे. जीवकाची कथा तिथलीच. तक्षशिलेला सात वर्षे शिकल्यावर आचार्यांनी त्याला सांगितले की योजनभर परिसर फिर आणि जी वनस्पती औषध नाही ती घेऊन ये. जीवक रिकाम्या हाताने परतला. तशी एकही वनस्पती त्याला सापडली नव्हती. तो उत्तीर्ण झाला. जन्माने तो कोण होता? परंपरेतल्या एका कथेप्रमाणे गणिकेने टाकून दिलेले मूल.

महावग्गातलाच दुसरा प्रसंग आम्हाला धायटीच्या संदर्भात नेहमी आठवतो. एक भिक्खू हगवणीने आजारी होता आणि स्वतःच्याच घाणीत पडून होता. कोणी जवळ जात नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले आणि दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून खाटेवर ठेवले. नंतर संघाला सांगितले की ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची सेवा करावी. एकीकडे वैद्याच्या अन्नाला पू म्हणणारे शास्त्र आणि दुसरीकडे आजाऱ्याची घाण स्वतः धुणारा शास्ता. आमच्या आजीची परंपरा यातली कोणती, हे वेगळे सांगायची गरज नाही.

ज्याने विचारले, त्याने नाव लिहिले

खरा ज्ञानवंत कोण हे ओळखायला कधी कधी परका माणूस लागतो. सतराव्या शतकात कोचीनचा डच गव्हर्नर व्हॅन ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींवर 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ तयार करवून घेतला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला. त्याला औषधांची माहिती देणाऱ्यांत इट्टी अच्युतन हे ईळव समाजाचे वैद्य होते. त्यांचे निवेदन त्यांच्याच लिपीत पहिल्या खंडात छापले आहे. रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तीन कोकणी ब्राह्मणांचे निवेदनही तिथेच आहे. म्हणजे सवर्ण आणि अवर्ण जाणकार एकाच खंडात नावानिशी उभे आहेत. ईळव समाजाला त्रावणकोरात १९३६ च्या घोषणेपर्यंत मंदिरप्रवेश नव्हता, हे लक्षात घेतले की त्या छापील नावाची किंमत कळते.

आपल्या धायटीच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. युरोपियन वनस्पतीशास्त्रात तिचे नाव झाले 'वुडफोर्डिया', वुडफर्ड या इंग्रज गृहस्थाच्या नावावरून. पुढे जपानी रसायनशास्त्रज्ञांनी तिच्या फुलांतून टॅनिन वेगळे काढले, त्यांना 'वुडफोर्डिन' म्हटले गेले. संस्कृतात धातकी, लॅटिनमध्ये वुडफोर्डिया. दोन्ही नावांत तोडणारीचा पत्ता नाही.

एकाच वर्षाचे दोन कायदे

इंग्रज सरकारने १८७८ मध्ये भारतीय वन कायदा केला. गाव आणि वाडीच्या वापरातले जंगल राखीव झाले. औषधाला पाला आणणे ही मेहेरबानी ठरली. ठाणे-कुलाब्यात असंतोष इतका वाढला की १८८५ मध्ये मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जंगलखात्याच्या जुलमावर कोरडे ओढले ते याच काळात.

त्याच १८७८ सालात मुंबई इलाख्याचा अबकारी कायदाही आला. मोहाच्या फुलापासून घरी दारू काढणे गुन्हा झाले. याचा धायटीशी संबंध काय? संबंध आहे. द्राक्षासव, अशोकारिष्ट, दशमूलारिष्ट ही औषधे कशी होतात? काढ्यात किंवा रसात गूळ घालतात, त्यात धायटीची फुले टाकतात आणि भांडे बंद करून आंबवतात. फुलांतल्या मधावर वाढणारे किण्व गुळाचे मद्यार्कात रूपांतर करायला मदत करते. म्हणून तर आसव-अरिष्टांच्या कृतींत धायटी सतत भेटते. तयार औषधात साधारण ५ ते १० टक्के मद्यार्क असतो. आंबवण्याचे हे तंत्र मडक्यात मोह भिजवणाऱ्या आदिवासी बाईला चांगले ठाऊक होते. पण बाटलीतले आंबवणे शास्त्र झाले, मडक्यातले आंबवणे गुन्हा झाले. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यातही औषधी तयारीला सूट आहे, मोहाच्या मडक्याला नाही.

आम्ही दारूचे समर्थन करत नाही. बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांत मद्यपान न करण्याची प्रतिज्ञा आहे आणि दारूने उद्ध्वस्त झालेली घरे आम्ही रोज पाहतो. आमचा मुद्दा वेगळा आहे. एकच प्रक्रिया कोणाच्या हातात आहे यावरून तिला प्रतिष्ठा मिळणार की पोलीस, हे ठरते.

आजचा डाव

हा सगळा जुना इतिहास झाला असे कोणी म्हणेल. तसे नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याने तत्त्व मान्य केले होते की जंगलातल्या संसाधनावर आणि लोकांच्या ज्ञानावर जो धंदा करेल त्याने लाभातला वाटा द्यावा. उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एका आयुर्वेदिक कंपनीच्या प्रकरणात देशी कंपन्यांनाही हे लागू आहे असा निर्णय दिला. मग २०२३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. 'संहिताबद्ध पारंपरिक ज्ञान' वापरणाऱ्यांना या वाट्यातून सूट मिळाली. संहिताबद्ध म्हणजे काय? औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० याच्या पहिल्या अनुसूचीतल्या ग्रंथांत जे आहे ते. त्या यादीत चरकसंहिता आहे, सुश्रुतसंहिता आहे.

आता चक्र पूर्ण झाले. गुराख्याने सांगितले, ग्रंथात लिहिले गेले. ग्रंथाने कबूलही केले की गुराख्याला विचारा. आणि आता कायदा म्हणतो : ग्रंथात आहे ना? मग गुराख्याला काही देणे लागत नाही. आजीचे ज्ञान कोणी लिहून घेतले नाही म्हणून ते तिचे नाही, आणि ज्याने लिहून घेतले त्याचे ते झाले. लिहिण्या-वाचण्याचा अधिकार ज्यांना शतकानुशतके नाकारला, त्यांच्याकडेच लेखी पुरावा मागायचा, यापेक्षा मोठी थट्टा कोणती?

मग करायचे काय?

नुसता संताप करून काही होत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यात औषधी वनस्पती, मुळे, कंद हे गौण वनोपज आहे आणि ते गोळा करण्या-विकण्याचा मालकी हक्क वनात राहणाऱ्यांचा आहे. पारंपरिक ज्ञानावरचा सामूहिक हक्कही त्यात आहे. आदिवासी बांधवांबरोबर 'इतर पारंपरिक वननिवासी' या सदरात डोंगरातल्या बौद्ध वस्त्यांनाही दावा करता येतो. पण त्यांच्यासाठी अट कठीण आहे : १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य आणि जंगलावरचे अवलंबित्व सिद्ध करायचे. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या माणसांनी ते कशाने सिद्ध करायचे?

इथेच आजी पुन्हा कामाला येते. या कायद्याच्या नियमांत वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाब हा पुरावा धरला आहे. कोणत्या उतारावर धायटी तोडायचो, कोणत्या झऱ्यावर धुवायचो, कोणासोबत जायचो, कोणत्या आजाराला द्यायचो, हे म्हाताऱ्या माणसाने सांगितले आणि आपण तारखेसह लिहून घेतले की ती आठवण पुरावा होते. दाव्यासोबत, ग्रामसभेपुढे, सामूहिक हक्काच्या 'ब' नमुन्याला जोडून ती द्या. ग्रामपंचायतीच्या लोकजैवविविधता नोंदवहीत सांगणाऱ्याच्या नावानिशी नोंद करायला लावा. नुसते 'स्थानिक लोक' असे लिहू देऊ नका.

सोबत एक इशाराही. हा लेख वाचून कोणी तान्ह्या बाळाच्या जुलाबावर धायटीचे प्रयोग करू नयेत. मीठ-साखर-पाणी आधी आणि दवाखाना लगेच. आपण परंपरेचे पुजारी नाही, तिचे हिशेब मागणारे आहोत. कोणता गुण खरा आणि कोणता समज, हे प्रयोगशाळेत तपासले गेलेच पाहिजे. फक्त तपासणीच्या अहवालात सांगणारीचे नाव हवे.

बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्यायले, तेव्हा सभोवतालच्या डोंगरांत धायटी फुललेली असणार. त्याच वर्षी २५ डिसेंबरला त्याच महाडात मनुस्मृती जाळली गेली, वैद्याच्या अन्नाला पू म्हणणारी तीच मनुस्मृती. आमच्या आजीचे सासरे त्या मार्चच्या गर्दीत होते असे घरात सांगतात. त्याचा कागद आमच्याकडे नाही. त्यांना विचारून लिहून घ्यावे हे कोणाला सुचले नाही. आजीचेही आम्ही अर्धेच लिहून घेतले. बाकीचे २०१९ मध्ये तिच्यासोबत गेले.

तुमच्या घरात, वाडीत अजून कोणी आजी असेल तर या माघात तिच्यासोबत डोंगरात जा. वही घेऊन जा.

जयभीम. नमो बुद्धाय.